खरं बोलल्यानंतरचा शनिवार

तो मुलगा खरं बोलला होता, आणि तेच मला नंतर बरेच दिवस खुपत राहिलं.

अमेरिकेतल्या एका ज्युव्हेनाइल कोर्टात, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या कोर्टात, नशेच्या वाटेला लागलेल्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा ड्रग कोर्ट भरतं, ते बघायला मी गेले होते. ही सुनावणी कुणीही उठून जाऊन बघावी अशी नसते. माझी एक मैत्रीण शाळेत समुपदेशक आहे आणि या कोर्टाच्या टीममध्ये तिची जागा आहे, म्हणून न्यायाधीशांची परवानगी मिळाली आणि मी मागच्या बाकावर जाऊन बसले. कुणाची ओळख पटेल असं काही बाहेर बोलायचं नाही, ही अट. दुपारची वेळ होती. खोली इतकी गार, की मुलांबरोबर आलेल्या बायका हात काखेत घालून बसल्या होत्या. पहिली एक मुलगी उठली. दोन महिने तिची प्रत्येक युरिन टेस्ट क्लीन आली होती. न्यायाधीश आपल्या उंच खुर्चीतून उठून खाली आले, त्यांनी तिच्याशी हात मिळवला आणि सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या. सरकारी वकिलांनी, मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरने, अगदी दारातल्या पोलिसानेसुद्धा. काचेच्या भांड्यातून तिने एक चिठ्ठी काढली, तिला गिफ्ट कार्ड लागलं. ती हसली तेव्हा दातांवरच्या तारा चमकल्या. कोर्टात टाळ्या वाजताना मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि माझाही घसा दाटून आला.

मग त्या मुलाचा नंबर आला. सोळाच्या आसपासचा, एकदम उंची वाढल्यामुळे बाह्या मनगटाच्या वर गेलेला. शेजारी आजी. न्यायाधीशांनी विचारलं, "आठवडा कसा गेला?" मुलगा थोडा वेळ बुटांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "शुक्रवारी ओढली. एकदाच." टेस्टचा रिपोर्ट अजून आलेला नव्हता. तो गप्प राहिला असता तर निदान त्या दुपारपुरता निभावून गेला असता. न्यायाधीशांनी त्याचे आभार मानले, आणि ते वरवरचं नव्हतं, त्यांचा आवाज खरंच मऊ झाला होता. मग समोरचा कागद बघून ते म्हणाले की ही तिसरी वेळ आहे, तू सही केलेल्या करारात काय लिहिलंय ते तुला माहीत आहे, हा शनिवार-रविवार तुला डिटेन्शनमध्ये, म्हणजे मुलांच्या कोठडीत, काढावा लागेल. आजी काही तरी बोलायला अर्धवट उठली आणि परत बसली. तिने पर्सची चेन उघडली, लावली, पुन्हा उघडली. मुलाने खिशातला फोन आणि कमरेचा पट्टा काढून तिच्या हातात दिला. आता काय काय काढून द्यायचं असतं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

बाहेर पडताना मैत्रीण म्हणाली, "नियम सगळ्यांना सारखे ठेवावे लागतात गं." तिचं चूक होतं असं मला म्हणता येईना.

ड्रग कोर्ट ही कल्पना मुळात दयेतून आणि नाइलाजातून आली. 1989 मध्ये फ्लोरिडातल्या मायामीत पहिलं असं कोर्ट सुरू झालं. क्रॅक कोकेनने शहर पोखरलं होतं, तुरुंग भरून वाहत होते, आणि तीच माणसं त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा पुन्हा त्याच दारातून आत येत होती. तेव्हा तिथल्या न्यायाधीशांनी, आणि तिथल्या मुख्य सरकारी वकील, पुढे अमेरिकेच्या ॲटर्नी जनरल झालेल्या जॅनेट रीनो यांनी, वेगळी वाट काढली. आरोपीला तुरुंगात धाडण्याऐवजी उपचाराला पाठवायचं, पण दोरी न्यायाधीशाने हातात ठेवायची. दर आठवड्याला हजेरी, अचानक टेस्ट, चांगलं वागलं तर कौतुक, चुकलं तर शिक्षा, आणि सगळ्या पायऱ्या पार केल्या तर खटला मिटवायचा. मोठ्यांसाठी हे बऱ्यापैकी चाललं. मग नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून तोच साचा मुलांसाठी वापरायला सुरुवात झाली. जे तीस-पस्तिशीच्या माणसाला लागू पडलं ते पंधरा वर्षांच्या पोराला लागू पडेलच, हा अंदाज त्या वेळी कुणाला फारसा धाडसी वाटला नसावा.

पण त्या वयातला मुलगा म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. तिशीतल्या व्यसनी माणसाचं बरंच काही हातचं गेलेलं असतं, नोकरी, संसार, कधी मुलांचा ताबा. ते परत मिळवायची ओढ त्याला त्या कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावते. या मुलांचं अजून काही जमलेलंच नसतं, तर गमवायचं काय? अशा कोर्टात येणारी बहुतेक मुलं गांजा आणि दारूवाली असतात. वर्षानुवर्षं सुई टोचून खंगलेली क्वचितच. त्यांना स्वतःला व्यसनी म्हणवतच नाही, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते खरंही असतं. मेंदूचा जो भाग 'थांब, पुढचा विचार कर' म्हणतो, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत असतो. त्या मुलासमोर वर्षभराचा करार ठेवायचा, सही घ्यायची, आणि चौथ्या महिन्यात तो मोडला की 'तूच सही केली होतीस' म्हणायचं, हे मला त्या गार खोलीतही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

माझ्या मनात तेव्हापासून दादा येत राहिला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ. कॉलेजच्या पहिल्या वर्षात त्याने गांजा सुरू केला, मग गोळ्या. आमच्या घरात या गोष्टी बंद दाराआड बोलल्या जायच्या, पण लहान मुलांना दारं बंद असली तरी ऐकू येतं. मामाच्या पाकिटातून पैसे जायला लागले. मामीची एक बांगडी गेली. एकदा धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात मामीला पुडी सापडली, तेव्हा मी तिथेच उभी होते. तिने ती संडासात टाकली, पाणी ओतलं, आणि साबणाने कोपरापर्यंत हात धूत बसली. मला म्हणाली, "मामाला सांगू नकोस, मी सांगते." मामा मितभाषी माणूस. त्याने दादाला मारलं नाही की त्याच्यापुढे भाषणं केली नाहीत. रोज संध्याकाळी तो दादाच्या खोलीच्या दाराशी जाऊन "चल" एवढंच म्हणायचा, आणि दोघं तासभर चालून यायचे. वाटेत काय बोलायचे, कुणास ठाऊक. मामीला वाटायचं, काहीच बोलत नसावेत. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, दादा मध्ये बरा होता, मग पुन्हा घसरला, पुन्हा सावरला, आणि परत एकदा वाईट घसरला. मामाचं "चल" मात्र चुकलं नाही. आज दादाची मुलं कॉलेजात आहेत. त्याच्या हातून झालेल्या गोष्टींना कायद्यात नावं आहेत, चोरी, अमली पदार्थ बाळगणं. पण त्यांची नोंद कुठेही नाही. तो किती वेळा घसरला हे कुणी लिहून ठेवलं नाही, आणि म्हणूनच ते इतक्या सहज भूतकाळात जमा झालं.

त्या उंच मुलाची मात्र प्रत्येक घसरण तारखेनिशी लिहिलेली होती.

या कोर्टांचा उपयोग होतो का, या प्रश्नावर संशोधन भरपूर झालं आहे. 2012 मध्ये 154 मूल्यमापनांचा एक मोठा एकत्रित आढावा आला. त्याचा हिशेब साधारण असा होता: नेहमीच्या पद्धतीने हाताळलेल्या शंभरांतले 50 जण पुन्हा गुन्ह्यात सापडत असतील, तर मोठ्यांच्या ड्रग कोर्टात ते प्रमाण 38 वर येतं. मुलांच्या कोर्टात 43.5 वर. म्हणजे मोठ्यांच्या जवळपास निम्माच फरक. मग 2016 मध्ये फक्त मुलांच्या कोर्टांचा आढावा झाला, त्यात सरासरीने काहीच फरक दिसला नाही. नेहमीच्या कोर्टापेक्षा बरं नाही, वाईटही नाही. एका कोर्टात निकाल चांगला, दुसऱ्यात वाईट, आणि ही तफावत मोठी. त्याच सुमारास नऊ ठिकाणच्या मुलांच्या ड्रग कोर्टांची तुलना साध्या प्रोबेशनवर सोडलेल्या मुलांशी केली गेली, आणि एकूणात ड्रग कोर्टातलीच मुलं जास्त प्रमाणात पुन्हा गुन्ह्यात अडकलेली निघाली. ज्यांनी आयुष्याची वर्षं या कामात घातली त्यांना हे वाचून काय वाटलं असेल! माझी मैत्रीण तो विषय निघाला की अजूनही खिडकीबाहेर बघायला लागते.

पण या सगळ्यात मला सर्वांत जास्त विचारात पाडलं ते साउथ कॅरोलायनामधल्या चार्ल्सटनच्या अभ्यासाने. 2006 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. 161 मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं चार गटांत वाटलं होतं. एक गट नेहमीच्या कौटुंबिक कोर्टात, बाकीचे तीन ड्रग कोर्टात, आणि त्या तिघांपैकी दोघांना जोडीला कुटुंबाला धरून चालणारी सखोल थेरपी. ड्रग कोर्टातल्या मुलांची नशा कमी झाली. त्यांनी स्वतः सांगितलेले गुन्हेही कमी झाले. आणि तरीही पुन्हा अटक होण्याचं प्रमाण घटलं नाही. संशोधकांनी याचं एक संभाव्य कारण दिलं: या मुलांवर इतकी नजर होती की जरा खुट्ट झालं तरी ते पकडलं जात होतं.

हे वाचलं आणि मी कागद बाजूला ठेवून दिला. म्हणजे मूल सुधारतंय आणि त्याची फाइल बिघडतेय, हे एकाच वेळी होऊ शकतं. ज्याच्याकडे दर आठवड्याला बघितलं जातं त्याच्या चुका जास्त दिसणार, आणि ज्याच्याकडे कुणीच बघत नाही तो निर्दोष. मग 'पुन्हा अटक झाली का' या एका प्रश्नावर कोर्टाचं यश ठरवायचं, तर त्यात नक्की काय मोजलं जातं, मुलाचं वागणं की आपली नजर? शिवाय ही नजर कुणाच्या वाट्याला येते तेही बघावं लागतं. पैसेवाल्या घरातला मुलगा तेवढाच गांजा ओढून आपल्या खोलीत झोपतो, त्याचे आईबाप खासगी थेरपिस्ट गाठतात. गरीब वस्तीतला, विशेषतः कृष्णवर्णीय मुलगा रस्त्याच्या कोपऱ्यावर सापडतो आणि वर्षभराच्या पहाऱ्यात जातो. एरवी ज्याला समज देऊन सोडलं असतं त्यालाही कधी कधी 'उपचार मिळेल ना' म्हणून या कोर्टात ओढलं जातं. हेतू चांगला असतो. परिणाम असा, की आधी जो मुलगा फक्त गांजा ओढत होता तो आता कोर्टाची तारीख चुकवणाराही ठरतो.

टेस्टचंही तसंच. रोज ओढणाऱ्याने गांजा पूर्ण बंद केला तरी त्याचे अंश लघवीत काही आठवडे, कधी महिनाभरसुद्धा सापडतात. नुसतं 'पॉझिटिव्ह' एवढंच बघितलं तर सोडलेला आणि न सोडलेला एकाच रांगेत उभे राहतात. जाणकार लॅब पातळी घटते आहे की नाही ते पाहतात, पण तेवढा धीर सगळीकडे नसतो. मुलंही शिकतात. ढसाढसा पाणी पिऊन नमुना पातळ करायचा. नाही तर रसायनं फवारलेला बनावट गांजा ओढायचा, जो नेहमीच्या टेस्टमध्ये दिसतच नाही आणि खऱ्यापेक्षा कितीतरी घातक असतो. मैत्रिणीच्या ओळखीतला एक मुलगा तसाच इमर्जन्सी वॉर्डात पोहोचला होता, झटके येऊन. त्या आठवड्याची त्याची युरिन टेस्ट क्लीन होती. ताप मोजल्याने ताप उतरत नाही हे आपण जाणतो, पण या कोर्टात सगळ्यांत जास्त कष्ट, पैसा आणि लक्ष त्या मोजण्यावरच खर्च होताना मला दिसलं, कारण ते मोजता येतं.

आणि म्हणून तो मुलगा परत परत आठवतो. त्याने काय केलं, तर पकडलं जाण्याआधी स्वतःहून सांगितलं. उपचाराच्या भाषेत ही केवढी मोठी गोष्ट! व्यसनातून बाहेर येणारा माणूस ज्या क्षणी लपवणं थांबवतो तिथून खरं काम सुरू होतं, हे दादाच्या डॉक्टरांनी मामाला सांगितलेलं मला आठवतं. पण कोर्टाच्या भाषेत तो नियमभंगाचा कबुलीजबाब होता, तोही वकील शेजारी उभी असताना. ड्रग कोर्टात सुनावणीआधी एक बैठक होते. न्यायाधीश, सरकारी वकील, बचावाचा वकील, प्रोबेशन ऑफिसर, उपचार करणारे, शाळेचा माणूस असे सगळे एका टेबलाभोवती बसून प्रत्येक मुलाबद्दल ठरवतात. सगळे एका बाजूचे. ऐकायला छान वाटतं. पण मग मुलाच्या बाजूने भांडायचं कुणी? अमेरिकेत मुलांची कोर्टं 1899 मध्ये शिकागोत सुरू झाली तीसुद्धा मायेपोटीच, बापाच्या जागी उभं राहू म्हणून. त्या मायेपायी 15 वर्षांच्या जेरल्ड गॉल्टला शेजारणीला केलेल्या एका अश्लील फोनसाठी 21 वर्षांचा होईपर्यंत डांबायचा आदेश निघाला. त्याच फोनसाठी मोठ्या माणसाला थोडा दंड किंवा फार तर दोन महिने कैद झाली असती. 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि मुलांनाही वकील मिळाला पाहिजे हे पक्कं झालं. दयेने वागणाऱ्या कोर्टालाही कुणी तरी 'थांबा' म्हणणारं लागतं, हे त्या लोकांनी इतकी किंमत देऊन शिकलेलं आहे. त्या दुपारी बचावाची वकील एकदाही बोलली नाही. बहुधा जे बोलायचं ते तिने बैठकीत बोलून घेतलं असेल.

डिटेन्शनमध्ये दोन दिवस तो कुणाबरोबर राहिला असेल, हाही विचार येतो. आपल्यापेक्षा पुढे गेलेल्या मुलांबरोबर. बिघडलेल्या मुलांना एकत्र ठेवलं की ती एकमेकांना हसून, टाळी देऊन आणखी बिघडवतात, हे 1990 च्या दशकात अभ्यासांतून पुढे आलं आहे. कोर्टाच्या बाहेरच्या बाकांवरसुद्धा मी ते बघितलं. तारांचे दात असलेली ती मुलगी गिफ्ट कार्ड खिशात घालून बाहेर आली तेव्हा तिथे दोन मोठी मुलं बसली होती. एकाने तिचा नंबर मागितला. तिने दिला.

तरी ही कोर्टं बंद करा असं माझं म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये मुलांचं असं कोर्ट 2000 मध्ये सुरू झालं आणि 2012 मध्ये सरकारने ते बंद करून टाकलं. बंद केल्याने मुलांची नशा थोडीच बंद होते! न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला 2002 मध्ये सुरू झालेल्या कोर्टात मुलासमोर दर वेळी तोच न्यायाधीश असावा असा कटाक्ष ठेवला होता. मुलाला आपली गोष्ट नव्या माणसाला पहिल्यापासून सांगावी लागू नये म्हणून. हे मला फार मोलाचं वाटतं. दर आठवड्याला तुझी आठवण ठेवणारं एक मोठं माणूस आहे, एवढंही काही मुलांच्या वाट्याला कधी आलेलं नसतं. त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद खोटा नव्हता. माझं म्हणणं एवढंच, की हा सगळा थाट खरोखर खोल अडकलेल्या मुलांसाठी राखून ठेवावा, आणि घसरणीची शिक्षा म्हणून कोठडी वापरू नये. 2016 मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने या कोर्टांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांतही डिटेन्शन अगदी शेवटचा आणि थोडक्या काळाचा उपाय म्हटलंय, कौतुकाचे प्रसंग शिक्षांइतके किंवा त्यांहून जास्त असावेत असं म्हटलंय, आणि घरच्यांना बरोबर घ्या, असा आग्रह धरलाय.

घरच्यांना बरोबर घ्या, हे वाक्य लिहायला सोपं आहे. कामाच्या दिवशी दुपारी तीन वाजता कोर्टात यायचं म्हणजे कुणाची तरी कामाची पाळी बुडते. त्या मुलाची आई आली नव्हती, आजी आली होती, यावरून प्रोबेशन ऑफिसरने 'घरचा पाठिंबा कमी' अशी नोंद केली असेल का, हा प्रश्न मी मैत्रिणीला विचारला. ती म्हणाली, "आई रात्रपाळी करून दुपारी झोपते. आम्हाला माहीत आहे." पुढे काही बोलली नाही.

चार्ल्सटनच्या अभ्यासात जी थेरपी होती तिच्यात थेरपिस्ट घरी जातो, संध्याकाळी, रविवारी, आईची पाळी सुटल्यावर. त्याच्याकडे एका वेळी चार ते सहा कुटुंबं असतात, जास्त नाही, आणि रात्री दोनला फोन केला तरी कुणी तरी उचलतं. मायामीच्या मुलांच्या ड्रग कोर्टातही 112 मुलांवर एक प्रयोग झाला. कोर्ट तेच, पण निम्म्यांना गटात बसवून उपचार आणि निम्म्यांना कुटुंबासकट थेरपी. सुरुवातीला दोन्हीकडे सुधारणा दिसली, पण दोन वर्षांपर्यंत गुन्ह्यांपासून दूर राहण्यात कुटुंबासकट उपचार घेतलेली मुलं पुढे राहिली. मी मैत्रिणीला विचारलं, तुमच्याकडे आहे का असं कुणी घरी जाणारं? होती, ती म्हणाली, एक बाई होती, फार चांगली. तिचा पगार अनुदानातून व्हायचा, आणि अनुदान ठरावीक वर्षांचं होतं. न्यायाधीश, वकील आणि लॅबचं बिल काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, नेहमीच्या बजेटमध्ये बसतं, म्हणून कोर्ट अजून चालू आहे आणि टेस्टही. त्या बाईची जागा मात्र मुदत संपल्यावर भरली गेली नाही. पुढच्या बजेटच्या बैठकीत ती जागा पुन्हा मागायची असं टीमने ठरवलंय. मैत्रीण त्यासाठी आकडे गोळा करतेय, आणि शनिवारी सकाळी मी तिच्याबरोबर बसून ते लिहून काढते आहे.